८५–०: शिकागो विद्यापीठाचा १९३९चा फुटबॉल संघ

काटेसावर

शिकागो विद्यापीठाच्या रेगेनस्टीन ग्रंथालयात मराठी पुस्तकांची कपाटंच्या कपाटं आहेत. रेशनवर अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली आलेला गहू मिळायचा ते दिवस घरातल्या मोठ्यांना आठवत असतील. त्या गव्हापोटी जमा झालेल्या रुपयांतूनच १९६२पासून अमेरिकन ग्रंथालयांसाठी भारतात पुस्तकं घेतली जाऊ लागली, आणि शिकागोचा संग्रह त्यातून वाढला. मी तिथे दोन वर्षं शिकायला होते. हिवाळ्यात साडेचारलाच अंधारून यायचं. घरची आठवण फार झाली की त्या कपाटांमध्ये खालीच बसकण मारून जुनी पुस्तकं उघडायचे. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला कुणीतरी पेन्सिलीने किंमत लिहिलेली असायची, रु. ३.५०. त्या आकड्यावर बोट फिरवलं तरी बरं वाटायचं.

मी बसायचे ती जागा म्हणजे जुनं स्टॅग फील्ड, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. पन्नास हजार माणसं मावतील एवढं फुटबॉलचं मैदान. १९५७मध्ये ते पाडलं आणि १९७०मध्ये तिथे हे ग्रंथालय उघडलं. याच मैदानावर २१ ऑक्टोबर १९३९ रोजी मिशिगनने शिकागोला ८५–० असं हरवलं होतं.

फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल. चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेला की टचडाऊन, त्याचे सहा गुण, त्यानंतरची किक साधली तर आणखी एक. खेळ साठ मिनिटांचा. म्हणजे ८५ गुण करायला साधारण दर पाच मिनिटांना एक टचडाऊन लागतो. त्या सीझनमध्ये शिकागोचे आठ सामने झाले. बेलॉइट या छोट्या कॉलेजने ६–० असं हरवलं. वाबाशविरुद्ध १२–२ असा विजय मिळाला. मग हार्वर्डकडून ६१–०, मिशिगनकडून ८५–०, व्हर्जिनियाकडून ४७–०, ओहायो स्टेटकडून ६१–०. ओबरलिनविरुद्ध २५–० असा दुसरा विजय. शेवटी इलिनॉयकडून ४६–०. सगळ्या सीझनची बेरीज केली तर शिकागोचे ३७ आणि समोरच्यांचे ३०८. नाताळच्या तोंडावर, २१ डिसेंबरला, विश्वस्तांनी फुटबॉल बंद करत असल्याचं जाहीर केलं.

हा काही कालपरवा उभा केलेला संघ नव्हता. एमोस अलोन्झो स्टॅग यांनी १८९२ ते १९३२ अशी ४१ वर्षं तो सांभाळला. बिग टेन या मोठ्या विद्यापीठांच्या गटात त्यांनी सात वेळा अजिंक्यपद मिळवलं. १९०५मध्ये मिशिगन ५६ सामने हरलेलं नव्हतं, ती मालिका शिकागोने २–० अशी तोडली. १९३५मध्ये मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पहिला पुरस्कार (पुढे त्याला हाइझमन ट्रॉफी म्हणू लागले) शिकागोच्या जे बर्वँगरला मिळाला. तिथून चार वर्षांत ८५–०.

या संघाबद्दल जे जे वाचायला मिळतं त्यात तो नेहमी कुणाच्या तरी बाजूचा पुरावा म्हणून येतो. विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांचा निर्णय योग्य होता हे दाखवायला, नाहीतर त्यांनी खेळाचा गळा घोटला हे दाखवायला. त्या मुलांच्या बाजूने कुणी लिहिलेलं मला फारसं सापडलं नाही. म्हणून हा धागा.

माझं सगळं म्हणणं ओबरलिनच्या सामन्यात आहे. चार मोठ्या संघांनी मिळून २५४ गुण केले आणि या मुलांना एकदाही खातं उघडता आलं नाही. तरी पुढच्या सामन्याला ती उतरली आणि २५–० अशी जिंकली, समोरच्याला एकही गुण न देता. हा संघ वाईट नव्हता. ज्या पंगतीत बसवायला हवा होता त्या पंगतीत त्याला कुणी बसू दिलं नाही.

सुरंगी

मस्त विषय. मला या खेळातलं काही कळत नाही, पण एक विचारते. इतका फरक पडतोच कसा? त्याच देशातली त्याच वयाची मुलं ना? एखादा संघ दुबळा असला तर २०–० हरेल, ३०–० हरेल. ८५?

काटेसावर

सुरंगी, दोन कारणं आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं कारण नियमाचं. आज या खेळात चढाईला वेगळे अकरा आणि बचावाला वेगळे अकरा असतात. १९४१पर्यंत तसं नव्हतं. एकदा बाहेर गेलेला गडी त्याच क्वार्टरमध्ये, म्हणजे खेळाच्या त्याच पाव भागात, परत आत येऊ शकत नसे. त्यामुळे तीच मुलं चढाई करायची, तीच बचावाला उभी राहायची. ज्याच्याकडे तोलामोलाचे गडी भरपूर तो संघ दर क्वार्टरला ताजी माणसं उतरवायचा. ज्याच्याकडे मोजकेच होते त्याची मुलं तिसऱ्या क्वार्टरपर्यंत पार दमलेली असायची, आणि मग गुणांचा पूर यायचा.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, मुलं यायची कुठून. हचिन्स १९२९मध्ये तिशीत अध्यक्ष झाले. पुढे दोन वर्षांनी नवा अभ्यासक्रम आला. पहिली दोन वर्षं सगळ्यांना विज्ञान, सामाजिक शास्त्रं, मानव्यविद्या, आणि शेवटी मोठ्या परीक्षा. इतर विद्यापीठांत फुटबॉलपटूंना शारीरिक शिक्षणात पदवी घेता यायची, शिकागोत ती सोय नव्हती. कागदावर बिग टेनमध्ये खेळाडूंना पैसे द्यायला बंदी होती, पण माजी विद्यार्थी नावापुरत्या नोकऱ्या द्यायचे, फी भरायचे. कार्नेगी फाउंडेशनने १९२९मध्ये याची पाहणी केली तर बहुसंख्य कॉलेजांत खेळाडूंची अशी सोय लावलेली आढळली. मिशिगनला राज्यभरातून मुलं मिळायची. शिकागोला मिळायची ती आधी परीक्षेत चांगली आणि मग, जमलं तर, खेळात.

बर्वँगर असतानाही १९३५मध्ये संघ चार जिंकला आणि चार हरला. एवढा मोठा खेळाडू एकट्याने तेवढंच करू शकत होता.

माळढोक

लेख आवडला, पण शेवट पटला नाही. हचिन्स यांच्यावर अन्याय होतोय. विद्यापीठ शिकण्यासाठी असतं. पन्नास हजार लोकांना शनिवारची करमणूक पुरवणं हे विद्यापीठाचं काम नव्हे, हे तोंडावर सांगायची हिंमत त्या काळात किती जणांत होती? आणि फुटबॉल बंद केल्यावर तीन वर्षांच्या आत त्याच मैदानाच्या प्रेक्षागृहाखाली भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी माणसाने रचलेल्या पहिल्या अणुभट्टीत साखळी-प्रक्रिया चालवून दाखवली. २ डिसेंबर १९४२. विद्यापीठाने कशाला महत्त्व द्यावं याचं यापेक्षा बोलकं उदाहरण दुसरं नसेल.

काटेसावर

माळढोक, हचिन्स यांच्याबद्दल मला आदर आहे. डिसेंबर १९३८मध्ये त्यांनी 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'मध्ये लेख लिहिला, त्यात तिकीट दहा सेंटांवर आणा आणि प्रशिक्षकांना प्राध्यापकांसारखी कायम नोकरी द्या असं सुचवलं होतं. पैसा काढून घ्या म्हणजे खेळ आपोआप सुधारेल, हे त्यांचं म्हणणं मला आजही बरोबर वाटतं. माझा आक्षेप वेगळा आहे. पैशावर न चालणारा फुटबॉल संघ त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठात होता. वाबाश आणि ओबरलिनला हरवणारा. त्याला बिग टेनमधून काढून त्याच्या जोडीच्या कॉलेजांशी खेळू द्यायचं, हा तिसरा रस्ता समोर होता. पण माजी विद्यार्थ्यांना बिग टेन सोडवेना आणि हचिन्स यांना फुटबॉल नकोसं झालं होतं. त्या ओढाताणीत मुलांना मिशिगनसमोर उभं केलं गेलं.

अणुभट्टीची गोष्ट अशी जोडून सांगतात, पण ती जोड खरी नाही. पश्चिमेकडच्या प्रेक्षागृहाखाली रॅकेटचा खेळ खेळायचं एक बंदिस्त कोर्ट होतं, भट्टी तिथे रचली. आणि मुळात ती तिथे रचायचीच नव्हती. शहराबाहेर आर्गॉनच्या जंगलात इमारत बांधायचं चाललं होतं. तिथे कामगारांचा तंटा झाला, काम रखडलं, म्हणून फर्मी यांनी हीच जागा सुचवली. फुटबॉल चालू असतं तरी ते कोर्ट तिथेच असतं. आज तिथे हेन्री मूर यांचं कांस्यशिल्प आहे, १९६७चं. मी रोज त्याच्यावरून जायचे. भट्टीची आठवण तिथे ठळक आहे. ८५–०ची कुठे दिसली नाही.

टिटवी

या गोष्टीत प्रशिक्षकाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. क्लार्क शॉनेसी. स्टॅग यांना सत्तराव्या वर्षी निवृत्त व्हायला लावल्यावर, १९३३पासून संघ त्यांच्याकडे होता. म्हणजे हे सगळे पराभव त्यांच्या नावावर आहेत.

आता पुढचं वर्ष पाहा. संघच उरला नाही म्हणून शॉनेसी १९४०मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला गेले. स्टॅनफर्डने आदल्या वर्षी एक सामना जिंकला होता, सात हरला होता, एक बरोबरीत सुटला होता. शॉनेसी यांनी तिथे 'टी' रचना आणली. क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा गडी, थेट मधल्या गड्याच्या मागे वाकून उभा, चेंडू त्याच्याच हातात, आणि तो कुणाला देणार हे समोरच्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळू द्यायचं नाही. स्टॅनफर्डने त्या सीझनमध्ये एकही सामना गमावला नाही आणि १ जानेवारी १९४१ला रोझ बोल या नववर्षदिनाच्या मानाच्या सामन्यात नेब्रास्काला २१–१३ असं हरवलं.

ही रचना त्यांनी स्टॅनफर्डला जाऊन शोधली असं कुणी समजू नका. शिकागोत असतानाच ते शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाचे मालक आणि प्रशिक्षक जॉर्ज हॅलस यांच्याबरोबर तिच्यावर काम करत होते. डिसेंबर १९४०मध्ये बेअर्सने अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला ७३–० असं हरवलं, त्याच्या तयारीतही शॉनेसी होते. आज हा खेळ ज्या पायावर उभा आहे त्यातला मोठा भाग त्या माणसाच्या डोक्यातून आला. त्याच डोक्याला शिकागोत आठवड्यामागून आठवडा शून्य बघावं लागलं. मला हे वाचताना फार वाईट वाटतं. डोकं तेच, वही तीच, फक्त ज्यांच्याकडून करून घ्यायचं ती माणसं पुरेशी नव्हती.

काटेसावर

टिटवी, फार छान लिहिलंत. हे माझ्या लेखातच यायला हवं होतं.

तुमच्या प्रतिसादावरून आणखी दोन गोष्टी आठवल्या. मिशिगनचे तेव्हाचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रायसलर हे स्वतः शिकागोचेच विद्यार्थी, स्टॅग यांच्या हाताखाली खेळलेले. म्हणजे ते ८५ गुण घरच्याच माणसाने केले. आणि त्याच्या आदल्या वर्षी, १९३८मध्ये, म्हातारे स्टॅग कॅलिफोर्नियातला कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा आपला नवा संघ घेऊन स्टॅग फील्डवर आले आणि ३२–० असं जिंकून गेले. स्वतःचं नाव असलेल्या मैदानावर, आयुष्याची ४१ वर्षं ज्या संघाला दिली त्याच्याविरुद्ध. तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. त्या दुपारी त्यांना काय वाटलं असेल याचा मी पुष्कळ वेळा विचार केला आहे.

भीमथडी

काटेसावर, तुम्ही ओबरलिनच्या सामन्याबद्दल लिहिलंत तिथे थांबलो आणि पुढचं वाचायला वेळ लागला.

मी तालुक्याच्या कॉलेजात खो-खो खेळायचो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत शहरातल्या एका कॉलेजशी गाठ पडली. त्यांची तीन मुलं राज्याकडून खेळलेली. आमची पहिली तुकडी पळतीला उतरली आणि दीड मिनिटात तिघंही बाद. मी दुसऱ्या तुकडीत. खांबाकडे वळलो तर सूर मारलेल्या गड्याचा हात माझ्या टाचेला लागला, त्या हाताची फक्की माझ्या पायावर उमटली होती. बाहेर येऊन बसलो तर ती पुसावीशी वाटेना. डाव राखून हरलो. प्रेक्षकांतले लोक अर्ध्यातच दुसऱ्या मैदानावर निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही सगळे आमच्या मैदानावर होतो. कुणी बोलावलं नव्हतं. सरही आले होते, तेही न बोलावता. शेजारच्या तालुक्याच्या कॉलेजशी आम्ही नेहमी खेळायचो, कधी ते जिंकायचे, कधी आम्ही. पुढच्या रविवारी त्यांच्याशी खेळलो आणि जिंकलो. त्या सामन्याचा आनंद मला अजून आहे. पुढच्या वर्षी कॉलेजने संघ पाठवलाच नाही. निकाल बघता खर्च परवडत नाही, एवढंच सांगितलं. फक्कीचं अर्धं पोतं स्टोअररूममध्ये तसंच पडून राहिलं. पावसाळ्यात ओल धरून त्याचा दगड झाला.

संघ हरतो म्हणून बंद करायचा असेल तर तो सुरू कशासाठी केला होता, हे मला तेव्हाही कुणी सांगितलं नाही.

काटेसावर

भीमथडी, मनापासून आभार. मला जे चार परिच्छेदांत म्हणता आलं नाही ते तुमच्या त्या पोत्यात आलं.

दक्षिणकाठ

चांगली चर्चा. एक माहिती जोडतो, आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. फुटबॉल बंद करणारं शिकागो हे पहिलं मोठं विद्यापीठ नव्हे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९०५च्या सीझननंतर तो बंद केला होता. तेव्हा हा खेळ इतका रांगडा होता की दरवर्षी मुलं जिवाला मुकायची. तो पुन्हा सुरू झाला १९१५मध्ये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबियात होते, म्हणजे बंदीचा शेवट आणि खेळाचं पुनरागमन ही दोन्ही वर्षं त्यांच्या तिथल्या काळात येतात. त्याच कोलंबियाचा संघ पुढे १९८३पासून ४४ सामने ओळीने हरला. ऑक्टोबर १९८८मध्ये प्रिन्स्टनला १६–१३ हरवल्यावर ती मालिका संपली. त्या पाच वर्षांत संघ बंद केला गेला नाही, हे मला शिकागोच्या तुलनेत लक्षात घेण्यासारखं वाटतं.

अवांतर: मोठ्या धावसंख्येचा विषय निघालाच आहे तर १९४८चा पुण्यातला रणजी सामना आठवतो. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद, ब्रॅडमन यांच्या ४५२च्या विक्रमाला नऊ धावा कमी, आणि काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. आपल्याकडे ही गोष्ट निंबाळकरांवर झालेला अन्याय म्हणून सांगतात, आणि अन्याय तो होताच. पण उन्हात क्षेत्ररक्षण करणाऱ्या त्या अकरा जणांचाही विचार हा धागा वाचल्यावर पहिल्यांदा मनात आला.

सुरंगी

बापरे, निंबाळकरांची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, पण त्या बाजूने कधीच नाही. मग शिकागोची मुलं निघून का गेली नाहीत? ५०–० झाल्यावर?

काटेसावर

सुरंगी, निघून जायचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांच्यासाठी तो शनिवार नेहमीसारखाच होता. सोमवारी वर्ग होते, परीक्षा होत्या, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा सामना. निंबाळकरांसमोरून निघून जाणाऱ्यांना त्या दिवशी जायला वाट होती. या मुलांपुढे अजून व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, ओबरलिन, इलिनॉय उभे होते, आणि आठपैकी एकही सामना त्यांनी सोडला नाही.

माळढोक, तुमच्यासाठी आणखी एक. शिकागो १९४६मध्ये बिग टेनमधूनही बाहेर पडलं. १९६३मध्ये विद्यापीठात फुटबॉल हळूहळू परत यायला लागलं तेव्हा विद्यार्थीच मैदानावर ठाण मांडून बसले, आम्हाला हे नको म्हणून. म्हणजे हचिन्स यांचं म्हणणं पंचवीस वर्षांत मुलांच्या अंगात भिनलं होतं. तरीही १९६९मध्ये विद्यापीठाचा अधिकृत संघ पुन्हा उभा राहिला. तो आज तिसऱ्या श्रेणीत खेळतो, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला परवानगीच नाही. मी वर ज्याला तिसरा रस्ता म्हटलं तो हाच. तीस वर्षं उशिरा सापडला.

मी एक सामना पाहिला आहे. ग्रंथालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर नवं स्टॅग फील्ड आहे, लहानसं. ऑक्टोबरातला शनिवार होता, ऊन होतं पण वारा बोचरा. बाकांवर आईवडील, काही विद्यार्थी, एक कुत्रं. माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगी मांडीवर रसायनशास्त्राची वही उघडून बसली होती. शिट्टी झाली की वर बघायची आणि पुन्हा पेन्सिल चालू. तिचा भाऊ की मित्र कोण ते माहीत नाही, पण एका वेळी कुणीतरी चेंडू घेऊन आमच्या बाजूच्या रेषेकडे पळत आला तेव्हा ती वही खाली टाकून उभी राहिली आणि त्याच्या नावाने ओरडली. तो रेषेच्या बराच अलीकडे पडला. तिने वही उचलली, गवत झटकलं आणि पान शोधू लागली.